स्पेनमधील ब्रिटिश रहिवासी : मोटारीची मालकी आणि पर्यटनाविषयीची दृष्टी

दिनांक १ मे २०२२ रोजी स्पेनच्या भूमध्यसागरी किनाऱ्यावर राहणाऱ्या हजारो ब्रिटिश नागरिकांना आपली मोटार घरासमोर उभी करून ठेवावी लागली. मोटार त्यांच्या मालकीची होती. तिचा कर भरलेला होता, विमा उतरलेला होता. मालकाजवळ ब्रिटनने दिलेला व मुदत न संपलेला चालक-परवानाही होता. परंतु स्पेनच्या रहिवाशापुरता तो परवाना त्या दिवसापासून निरुपयोगी ठरला. त्याच दिवशी मालागाच्या विमानतळावर उतरलेला, खिशात अगदी तसाच परवाना असलेला दुसरा एखादा ब्रिटिश मनुष्य मात्र भाड्याची मोटार घेऊन त्याच रस्त्याने निर्वेधपणे जाऊ शकत होता; कारण तो पर्यटक होता. पंधरा वर्षे त्या गावात राहिलेल्या माणसाला जे करता येत नव्हते, ते एका आठवड्यासाठी आलेल्या माणसाला करता येत होते. ही विपरीत स्थिती १६ मार्च २०२३ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेदहा महिने टिकली.

या घटनेचे कायदेविषयक कारण साधे आहे व ते पुढे येईलच. तिचे सामाजिक महत्त्व मात्र अधिक आहे. स्पेनमधील ब्रिटिश रहिवाशाने गेल्या अर्धशतकात स्वतःची जी ओळख घडविली तिचा मुख्य आधार 'आम्ही पर्यटक नव्हे' हा आहे. आणि पर्यटकापासून आपले वेगळेपण सिद्ध करण्याचे त्याचे एक प्रमुख साधन म्हणजे मोटार. मोटारीची मालकी आणि पर्यटनाविषयीचे मत हे दोन विषय वरवर पाहता परस्परांहून भिन्न वाटतात. परंतु या समाजाच्या बाबतीत एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करता येत नाही, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभी शब्दांचा थोडा विचार करणे इष्ट होईल. इंग्रजीत स्वदेश सोडून परदेशी स्थायिक झालेल्यासाठी 'एक्स्पॅट' व 'इमिग्रंट' असे दोन शब्द आहेत. त्यांतला पहिला ब्रिटिश मनुष्य स्वतःसाठी राखून ठेवतो आणि दुसरा बहुधा इतरांना लावतो. मराठीत 'परदेशस्थ' आणि 'स्थलांतरित' या शब्दांत असा उच्चनीचभाव फारसा नाही. म्हणून येथे 'परदेशस्थ रहिवासी' किंवा नुसते 'रहिवासी' असे म्हटले आहे. स्पॅनिश लोकभाषेत याच माणसाला 'गिरी' म्हणतात. हा शब्द पूर्णतः शिवीही नव्हे आणि पूर्णतः निरुपद्रवीही नव्हे. उत्तर युरोपातील गोऱ्या माणसाला तो सरसकट लावला जातो, मग तो आठ दिवसांचा पाहुणा असो की वीस वर्षांचा शेजारी. रहिवाशाला जो भेद प्राणाहून प्रिय आहे तो भेद स्थानिक माणसाच्या शब्दात मुळी उरतच नाही. आणि त्याचे सारे दुःख येथूनच सुरू होते.

या लोकसमूहाचा उगम पर्यटनातच आहे. १९५९ च्या आर्थिक स्थिरीकरण योजनेनंतर फ्रँकोच्या राजवटीने पेसेटाचे अवमूल्यन केले आणि परकीय चलन मिळविण्यासाठी किनारे खुले केले. १९६० मध्ये स्पेनला येणाऱ्या परकीयांची संख्या सुमारे ६० लाख होती. १९७३ मध्ये ती ३ कोटी ४० लाखांच्या वर गेली. बेनिडॉर्म हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. मासेमारी करणाऱ्या या गावाने महापौर पेद्रो सारागोसा यांच्या कारकिर्दीत १९५६ मध्ये नगररचनेची सर्वसाधारण योजना स्वीकारली, आणि त्यातूनच पुढे आजची उंच मनोऱ्यांची रांग उभी राहिली. किनाऱ्यावर तोकडे स्नानवस्त्र वापरण्यास आपण दिलेल्या मुभेचे समर्थन करण्यासाठी हे महापौर व्हेस्पा स्कूटरवरून थेट माद्रिदला फ्रँकोच्या भेटीस गेले, अशी कथा सांगितली जाते. कथा कितपत खरी हा प्रश्न वेगळा. पण स्पेनच्या पर्यटनाच्या आख्यायिकेतसुद्धा पहिले मानाचे स्थान एका वाहनाला मिळावे, हे सूचक आहे. याच सुमारास, १९५७ पासून, बार्सिलोनाच्या कारखान्यातून 'सेआत ६००' ही छोटी मोटार बाहेर पडू लागली. १९७३ पर्यंत अशा सुमारे आठ लाख गाड्या तयार झाल्या व सामान्य स्पॅनिश कुटुंब प्रथमच स्वतःच्या वाहनाने समुद्रावर जाऊ लागले. अशा रीतीने परकीय पर्यटक, देशी पर्यटक आणि मोटार हे तिघेही या किनाऱ्यावर एकाच दशकात अवतरले.

पर्यटकाचा रहिवासी होण्याची क्रिया त्यानंतरची. प्रथम काही सुट्या, मग हिवाळ्यातला मुक्काम, मग छोटेसे घर आणि शेवटी निवृत्तीनंतर कायमचे वास्तव्य, असा हा क्रम असे. १९८६ मध्ये स्पेनचा युरोपीय समुदायात प्रवेश झाला. १९९३ मध्ये अमलात आलेल्या मास्ट्रिख्ट कराराने सदस्य-देशांच्या नागरिकांना परस्परांच्या देशांत राहण्याचा व नगरपालिका निवडणुकीत मत देण्याचा हक्क दिला. नव्वदीच्या दशकाअखेर स्वस्त विमानसेवा सुरू झाल्या. नगरपालिकांच्या रहिवासी-नोंदींनुसार स्पेनमधील ब्रिटिशांची संख्या २०१२ च्या सुमारास चार लाखांच्या जवळ पोहोचली होती. पुढे नोंदी तपासून जुनी नावे काढून टाकल्यावर ती बरीच खाली आली व नंतर तीन लाखांच्या आसपास राहिली. हे आकडे वापरताना सावधगिरी हवी. अनेकांनी वर्षानुवर्षे नाव नोंदविलेच नाही. काही जण परत गेल्यावरही कागदोपत्री राहिले. रसेल किंग, टोनी वॉर्न्स व ॲलन विल्यम्स यांचा दक्षिण युरोपातील ब्रिटिश निवृत्तांवरील अभ्यास आणि कॅरेन ओरायली यांचा कोस्ता देल सोलवरील ब्रिटिशांचा क्षेत्रीय अभ्यास हे दोन्ही ग्रंथ २०००मध्ये प्रसिद्ध झाले. कायम राहणारे, उन्हाळ्यात मायदेशी जाणारे, केवळ हिवाळा काढणारे आणि अधूनमधून डोकावणारे असे अनेक थर या समाजात आहेत, व त्यांच्यातील सीमारेषा पुसट आहेत, हे ओरायली यांच्या अभ्यासातून स्पष्ट होते. जेथे सीमा पुसट तेथे ती ठळक करण्याची धडपड अधिक, हा समाजशास्त्रातील परिचित अनुभव येथेही येतो.

आता मोटारीकडे वळावयाचे तर आधी घराकडे पाहिले पाहिजे. ब्रिटिश रहिवाशांपैकी फार मोठा भाग जुन्या गावांत राहत नाही. तो 'उर्बानिसासिओन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतींत राहतो. डोंगरउतारावर किंवा जुन्या शेतजमिनीवर विकसकाने आखलेले रस्ते, त्यांच्या कडेला पांढरी घरे, मध्ये एखादा पोहण्याचा तलाव, आणि दुकान, दवाखाना व टपाल कचेरी हे सारे पाच-सात किलोमीटरवर, असे या वसाहतींचे रूप असते. आलिकान्ते प्रांतातील सान फुल्हेन्सियो व रोहालेस या नगरपालिकांत परकीयांची संख्या निम्म्याहून अधिक आहे. तेथे जुने गाव एकीकडे आणि परकीयांची वसाहत दुसरीकडे, मध्ये मोकळे रान, अशी रचना आढळते. या वसाहती सुट्टीतल्या घरांसाठी आखल्या गेल्या. पंधरा दिवसांच्या सुट्टीत माणूस भाड्याची मोटार वापरणार, असे आखणाराने गृहीत धरले होते. तेथेच माणसे बारा महिने राहू लागतील व म्हातारी होतील, हा विचार त्या नकाशात नव्हता.

सार्वजनिक वाहतुकीची स्थितीही याला पूरकच आहे. मालागाहून निघणारी उपनगरी आगगाडी फुएन्हिरोला येथे थांबते. त्यापुढे मार्बेयापर्यंत रूळ नाहीत. आलिकान्तेहून बेनिडॉर्ममार्गे देनियापर्यंत अरुंदमापी मार्ग आहे, पण तो किनाऱ्यालगत धावतो. डोंगरउतारावरच्या वसाहतींना त्याचा उपयोग स्थानकापर्यंत मोटारीने गेल्यावरच. दक्षिणेकडील तोर्रेव्हिएहा या दाट वस्तीच्या शहरात आज रेल्वे नाही. बस आहे, परंतु ती गावांना जोडते, वसाहतींतील गल्ल्यांना नव्हे. तात्पर्य, मोटार ही येथे चैनीची वस्तू नसून घराचाच एक भाग आहे. पाणी व वीज यांसारखीच ती वास्तव्याची अट आहे. ब्रिटनमध्ये असताना ज्याने बसने प्रवास केला, तोही येथे आल्यावर मोटार घेतो.

कोणती मोटार घ्यावयाची, हा प्रश्न मात्र केवळ सोयीचा राहत नाही. ब्रिटनमधून आणलेल्या गाडीचे सुकाणूचक्र उजवीकडे असते, आणि स्पेनमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. एकेरी रस्त्यावर मालमोटारीला ओलांडताना चालकाला समोरचे दिसत नाही. पथकराच्या नाक्यावर आणि वाहनतळाच्या दांडीपाशी यंत्र नेमके उलट्या हाताला येते, आणि सोबत कोणी नसेल तर खाली उतरून गाडीला वळसा घालावा लागतो. तरीही पुष्कळांनी गाड्या आणल्या. कारण ब्रिटनमध्ये जुनी मोटार स्वस्त मिळते व स्पेनमध्ये जुन्या गाड्यांच्या किमती चढ्या राहतात, ही या समाजातील नित्याची तक्रार आहे आणि ती निराधार नाही. स्थायिक होणाऱ्याने गाडी स्पेनमध्ये नोंदविणे बंधनकारक आहे. त्यासाठी तांत्रिक तपासणी, दिव्यांची दिशा बदलणे, वाहतूक महासंचालनालयाकडील कागद आणि नोंदणी कर हे सोपस्कार करावे लागतात. हा कर धुरातील कर्बवायूच्या प्रमाणावर ठरतो. कमी धूर सोडणाऱ्या गाडीला तो शून्य, तर सर्वाधिक सोडणाऱ्या गाडीला सामान्यतः १४.७५ टक्के असतो. वास्तव्य बदलणाऱ्याला ठराविक अटींवर करमाफी मिळते. पण ती वेळेत मागावी लागते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर ही माफी न मिळालेल्या गाडीवर आयात शुल्क व २१ टक्के मूल्यवर्धित कर यांचा बोजा पडू लागला, आणि गाडी आणण्याची प्रथा त्यामुळे बरीच ओसरली.

या सर्व कामांसाठी रहिवासी बहुधा 'हेस्तोर' नामक व्यावसायिक मध्यस्थाकडे जातो. हेस्तोर हा वकील नव्हे आणि नुसता कारकूनही नव्हे. सरकारी कागद ज्याच्या हाताखालून सुरळीत जातात असा तो परवानाधारक जाणकार असतो. स्पॅनिश माणूसही त्याची मदत घेतो. फरक एवढाच की स्पॅनिश माणसाच्या दृष्टीने तो वेळ वाचविणारा असतो, तर ब्रिटिश रहिवाशाच्या दृष्टीने तोच स्पॅनिश राज्यसंस्थेचा एकमेव ओळखीचा चेहरा असतो. अनेकांचा शासनाशी आलेला पहिला प्रत्यक्ष संबंध मोटारीच्या निमित्ताने आलेला असतो.

यातून या समाजात एक अंतर्गत नीतिभेद निर्माण झाला आहे. स्पॅनिश पाटी लावलेली, डावीकडे सुकाणू असलेली गाडी चालविणारा रहिवासी वर्षानुवर्षे ब्रिटिश पाटीवर गाडी फिरविणाऱ्याकडे तुच्छतेने पाहतो. वरवर पाहता हा कर चुकविणाऱ्यावरील राग आहे. पण त्यामागे आणखी एक भावना आहे : असा मनुष्य सर्वच ब्रिटिशांना 'तात्पुरते' ठरवितो, आणि ते याला नको असते. सप्टेंबर २००० पासून स्पेनमध्ये वाहनपाटीवरील प्रांतदर्शक अक्षरे काढून टाकण्यात आली व चार अंक आणि तीन अक्षरे अशी देशभर एकच पद्धत सुरू झाली. त्यामुळे स्पॅनिश पाटीवरून मालक कुठला हे आता ओळखता येत नाही. गंमत अशी की भाड्याच्या मोटारीलाही हीच पाटी असते. भारतात स्वतः चालविण्याच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी व पिवळी अक्षरे असतात, त्यामुळे गोव्याच्या रस्त्यावर पर्यटक दुरूनही ओळखू येतो. स्पेनमध्ये तशी सोय नाही. ज्या पाटीने रहिवासी आपण इथलेच असल्याचे जाहीर करू पाहतो, तीच पाटी कालच विमानतळावरून गाडी घेतलेल्या माणसापाशीही असते.

वाहन चालविण्याच्या वृत्तीविषयी या लोकांची मते बहुधा ठराविक असतात व त्यांचा फार विस्तार करण्याचे कारण नाही. स्पॅनिश चालक वळणावर दिवा दाखवत नाही, चक्राकार चौकात बाहेरच्या मार्गिकेनेच पूर्ण फेरी मारतो, गाडी उभी करताना पुढची-मागची गाडी किंचित ढकलतो, इत्यादी. त्यांतील चौकासंबंधीची तक्रार तर उघडच चुकीची आहे. चौकातून बाहेर पडण्यापूर्वी बाहेरच्या मार्गिकेत यावयाचे, असा स्पेनचा नियमच आहे. नियमाचा भेद हा स्वभावाचा भेद म्हणून सांगितला जातो, एवढेच यातून निष्पन्न होते.

परवान्याच्या नूतनीकरणाची पद्धत मात्र अभ्यसनीय आहे. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परवाना नवा करावा लागतो, परंतु आपली प्रकृती वाहन चालविण्यास योग्य आहे असे चालकाने स्वतः लिहून दिले की सामान्यतः पुरते. स्पेनमध्ये पासष्ट वर्षांपर्यंत दहा वर्षांनी व त्यानंतर पाच वर्षांनी नूतनीकरण होते, आणि प्रत्येक वेळी अधिकृत तपासणी केंद्रात जाऊन दृष्टी, श्रवण व हात-डोळ्यांचा मेळ यांची परीक्षा द्यावी लागते. पडद्यावर सरकणाऱ्या दोन मार्गिकांत दोन दांड्यांनी ठिपके सांभाळून ठेवावयाचे, असा त्या परीक्षेचा एक भाग असतो. ब्रिटिश परवाना बदलून स्पॅनिश परवाना घेण्याची टाळाटाळ का होत असे, याचे एक कारण या परीक्षेत आहे. शासन आपल्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, ही बोच एकीकडे, आणि कदाचित आपण उत्तीर्ण होणार नाही ही भीती दुसरीकडे.

या पार्श्वभूमीवर २०२२ च्या घटनेकडे परत यावे लागते. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले व संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. तोपर्यंत ब्रिटिश परवाना विनापरीक्षा बदलून मिळत असे, आणि तसा तो बदलून घ्यावा अशा सूचनाही दिल्या जात होत्या. ज्यांनी तसे केले त्यांना पुढे काहीच त्रास झाला नाही. राहिलेल्यांना स्पेनने सहा-सात वेळा नव्हे तरी अनेक वेळा मुदतवाढ दिली; शेवटची मुदत ३० एप्रिल २०२२ ला संपली. दोन्ही देशांत करार झालेला नव्हता. वाहतूक-दंडाच्या वसुलीसाठी ब्रिटनमधील वाहनमालकांची माहिती मिळावी, ही स्पेनची अपेक्षा वाटाघाटींतील एक अडसर होती. फ्रान्सशी ब्रिटनचा असा करार २०२१ मध्येच झाला होता, ही गोष्ट स्पेनमधील ब्रिटिशांना विशेष झोंबणारी होती.

परिणाम असा झाला की डोंगरावरील वसाहतीत राहणारी वृद्ध माणसे अक्षरशः घरात अडकून पडली. रुग्णालयात जावयाचे तर भाड्याची टॅक्सी, बाजाराला जावयाचे तर शेजाऱ्याची विनवणी. शेजारी आयरिश वा जर्मन असेल तर त्याचा परवाना चालत होता. ज्यांचे काम वाहनावर अवलंबून होते, म्हणजे घरांची देखभाल करणारे, नळजोडारी, रुग्णसेवक, त्यांची उपजीविका थांबली. नव्याने पूर्ण परीक्षा देण्याचा मार्ग खुला होता. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येत असे. पण प्रत्यक्ष वाहन चालवण्याच्या परीक्षेत सूचना स्पॅनिशमध्ये, आणि चाळीस वर्षे गाडी चालविलेल्या माणसाने शिकाऊ म्हणून पुन्हा वर्गात बसावयाचे. ब्रिटिश राजदूत ह्यू एलियट हे चित्रफितींद्वारे वाटाघाटींची प्रगती वेळोवेळी सांगत. 'लवकरच' या शब्दाचा इतक्यांदा उच्चार झाला की तो शब्द त्या लोकांत चेष्टेचा विषय बनला नसता तरच नवल.

या काळातील मतभेद अधिक बोलके आहेत. एक पक्ष म्हणे की सूचना असूनही ज्यांनी आळस केला त्यांना हे भोगलेच पाहिजे. दुसरा पक्ष दाखवून देई की महासाथीच्या काळात कचेरीत वेळ मिळत नव्हती, आणि जे २०२१ मध्ये आले त्यांच्यापुढे हा पर्याय नव्हताच. तिसऱ्याचा राग ब्रिटिश शासनावर. यांतील पुष्कळांना २०१६ च्या सार्वमतात मत देता आले नव्हते. परदेशी राहून पंधरा वर्षे उलटलेल्याचा मताधिकार तेव्हा नष्ट होत असे, आणि ती मर्यादा उठली जानेवारी २०२४ मध्ये. परंतु तिन्ही पक्षांची एका मुद्द्यावर एकवाक्यता होती : पर्यटकाला परवानगी आणि आम्हाला मनाई, हा अन्याय. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही. पाहुण्याचा परवाना चालवून घ्यावयाचा व रहिवाशाने मात्र आपल्या राज्याचा परवाना घ्यावयाचा, ही जगभरची रीत आहे. शिवाय पर्यटक ही स्पेनची मोठी मिळकत असल्यामुळे त्याच्या वाटेत अडसर घालण्यात स्पेनला स्वारस्यही नव्हते. रहिवाशाने ज्या राज्याकडे 'मला तुमच्यातला समजा' अशी मागणी केली, त्या राज्याने ती अक्षरशः मान्य केली, इतकेच. मार्च २०२३ च्या करारानुसार सहा महिन्यांत परवाना विनापरीक्षा बदलून घेण्याची सवलत मिळाली. वैद्यकीय तपासणी मात्र चुकली नाही.

पर्यटनाविषयीची मते या अनुभवाच्या प्रकाशात वाचली पाहिजेत. ती दुहेरी आहेत. जुलै व ऑगस्टमध्ये वाहन उभे करण्यास जागा मिळत नाही, खाद्यगृहाचा दर चढतो, कोस्ता देल सोलवरील महामार्गाचा पथकर उन्हाळ्यात वाढविला जातो. म्हणून अनेक जण याच दोन महिन्यांत ब्रिटनला निघून जातात. पर्यटक आरडाओरडा करतो, मद्य पितो, भाषा शिकत नाही, असे ते सांगतात. यांतील तिसरा आरोप स्वतःवर कितपत लागू पडतो, हे मात्र ते सहसा विचारीत नाहीत. उलटपक्षी ज्या विमानाने त्यांची नातवंडे येतात ते पर्यटकांमुळेच स्वस्त आहे. ज्या खाद्यगृहात, घरदलालीत किंवा तलाव-सफाईत त्यांतील काम करणारे राबतात तेही पर्यटकांवर चालते. कित्येकांचे शेजारचे घर, क्वचित स्वतःचेही, उन्हाळ्यात पर्यटकांना भाड्याने दिले जाते. आणि मायदेशाहून पाहुणे आले की हाच मनुष्य त्यांना स्वतःच्या मोटारीतून किल्ले, बाजार व किनारे दाखवीत हिंडतो. तेव्हा तो पर्यटनव्यवस्थेचा बिनपगारी सारथी असतो.

२०२४ मध्ये स्पेनला सुमारे ९ कोटी ३८ लाख परकीय पर्यटक आले. त्यांत ब्रिटिश सुमारे १ कोटी ८४ लाख. त्याच वर्षी २० एप्रिलला कॅनरी बेटांवर, मे व जुलैमध्ये मायोर्का येथे, २९ जूनला मालागात आणि ६ जुलैला बार्सिलोनात पर्यटनाच्या अतिरेकाविरुद्ध मोर्चे निघाले. बार्सिलोनात पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडविले गेले व ती छायाचित्रे जगभर गेली. या आंदोलनांचा मूळ प्रश्न गर्दी हा नव्हता; घरभाडे हा होता. घरे पर्यटकांकडे जातात व स्थानिक तरुणाला परवडत नाहीत, हे गाऱ्हाणे होते. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले की शहरातील दहा हजारांहून अधिक पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवले जाणार नाहीत.

अशा वेळी परदेशस्थ रहिवासी कोठे उभा राहतो? गर्दीविषयीच्या तक्रारीत तो मोर्चेकऱ्यांच्या बाजूला असतो. घरांच्या प्रश्नात मात्र त्याच्याकडेच बोट दाखविले जाते. 'आम्ही बारा महिने येथे कर भरतो, म्हणून आमचा यात दोष नाही' हे त्याचे उत्तर आहे. ते अर्धे खरे आहे. हिवाळ्यात ओस पडणाऱ्या गावांतील दुकाने व औषधालये त्याच्यामुळे चालू राहतात, हे कोणी नाकारू शकत नाही. परंतु उत्तरेकडील निवृत्तिवेतनाच्या बळावर त्याने घेतलेले घर हेही बाजारातील घरच होते. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान पेद्रो सांचेस यांनी युरोपीय संघाबाहेरील अनिवासी खरेदीदारांवर घराच्या किमतीच्या शंभर टक्क्यांपर्यंत कर बसविण्याची कल्पना मांडली, तेव्हा 'अनिवासी' या एका शब्दाने ब्रिटिशांत उभी फूट पडली. १८० दिवसांत ९० दिवसच राहू शकणारा दुसऱ्या घराचा मालक अस्वस्थ झाला, आणि निवासपत्र असलेला त्याचा शेजारी, बाहेर सहानुभूती दाखवीत का होईना, निश्चिंत राहिला.

बालेआरिक बेटांवर मोटार आणि पर्यटन यांचा हा संबंध कायद्यातच उतरला आहे. फोर्मेन्तेरा या छोट्या बेटाने २०१९ पासून उन्हाळ्यात येणाऱ्या वाहनांच्या संख्येवर मर्यादा घातली. इबिसाने २०२५ च्या उन्हाळ्यापासून तसेच केले व भाड्याच्या मोटारींचाही त्यात समावेश केला. बेटावरच्या रहिवाशांच्या गाड्यांना ही मर्यादा लागू नाही. तेथील ब्रिटिश, जर्मन वा डच रहिवासी या नियमाचा हिरीरीने पुरस्कार करताना आढळतो, याचे आश्चर्य वाटू नये. वाहनकराची पावती जवळ असणे म्हणजे बेटाचा माणूस असणे, अशी व्याख्या येथे प्रथमच राज्याने केली, आणि ती त्याच्या सोयीची आहे.

मुख्य भूमीवरही नियम कडक होत आहेत. २०२१ च्या हवामानविषयक कायद्याने पन्नास हजारांवर लोकवस्तीच्या नगरपालिकांना अल्पधूर क्षेत्रे निर्माण करण्याचे बंधन घातले; बेनिडॉर्म, तोर्रेव्हिएहा व फुएन्हिरोला ही तिन्ही शहरे त्यात मोडतात. जुनी डिझेल गाडी अजूनही चालविणाऱ्या निवृत्ताला याची झळ पोहोचणार. परंतु त्याच्यापुढचा निकटचा प्रश्न धुराचा नसून वयाचा आहे. तपासणी केंद्रातील त्या दोन दांड्यांच्या परीक्षेत एक दिवस तो अनुत्तीर्ण होतो, किंवा रात्री दिसत नाही म्हणून स्वतःच किल्ल्या खाली ठेवतो. पत्नी गाडी चालवीत नसेल तर वसाहतीतले घर त्या दिवसापासून राहण्याजोगे उरत नाही. मग काही जण गावात, पायी दुकान गाठता येईल अशा सदनिकेत जातात. तेथे शेजारी स्पॅनिश असतात आणि वीस वर्षांत न शिकलेली भाषा थोडीफार शिकावी लागते. बाकीचे घर विकावयास काढतात व ब्रिटनला परततात. दलालाच्या जाहिरातीत त्या घराचे वर्णन बहुधा एकाच वाक्यात येते : विमानतळापासून मोटारीने पाऊण तास.